रुई मी भरली होती

मच्छरदाणीने पेट घेतला तेव्हा तुझ्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो तू ताटात टाकला नाहीस. तोंडात कोंबलास आणि धावलीस, कारण दोन्ही हात मोकळे हवे होते. आता लोक सांगतात, विमलबाई भरल्या ताटावरून तशीच उठली. मी समोर बसले होते. तू घास घेऊन उठलीस.

आधी टीव्हीची भिंतीवरची पिन ओढलीस. मग पलंगाच्या उशाशी ठेवलेली, टीव्हीला वीज देणारी ती पेटती पेटी दोन्ही हातांनी उचललीस आणि दारातून अंगणात फेकलीस. मी तुझ्या दादाचे पाय धरून त्याला खाली ओढलं. लकवा झालेला माणूस ओल्या पोत्यासारखा जड असतो. त्याचं डोकं फरशीवर आपटलं. मच्छरदाणी जळत जळत रिकाम्या गादीवर पडली. मी माठ उचलून तिच्यावर उपडा केला, मग बादली, मग कढईतली भाजीसुद्धा. दादा एकदाच ओरडला, तो डोकं आपटलं तेव्हा. तू ओरडली नाहीस.

आग विझल्यावर तू अंगणात उभी होतीस, हात अंगापासून लांब धरून. पेटीतलं वितळलेलं मेण आणि वार्निश तळव्यांना चिकटलं होतं. शेजारपाजार धावून आला. कोणी विचारायच्या आधीच तू सांगितलंस, "तारेले मीच दिलेला डाग कच्चा राहिला. तार सुटली असन."

मी तिथेच म्हटलं, "रुई मी भरली होती त्यात."

तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. लोकांकडे पाहून म्हणालीस, "वहिनीले काय समजते त्यातलं!"

ते वाक्य चार वर्षं माझ्याजवळ आहे. तू गेलीस, ते गेलं नाही.

तुझ्या शाळेच्या मोठ्या बाईंनी निरोप पाठवला, विमलबाईंबद्दल दोन पानं लिहून द्या, शाळेच्या अंकात छापू. तुझी नोकरी, तुझ्या वर्गातल्या पोरी, तुझी विज्ञानाची खोली, ते सगळं त्या लिहितील. मी चौथी शिकलेली आहे, मी घरातलं लिहिते. तू गेलीस ती पोटाच्या दुखण्याने, आगीचा त्याच्याशी काही संबंध नाही. पण तेरवीला बसलेल्या बायका दोन्ही गोष्टी एका दोरीत ओवत होत्या. तेव्हाच ठरवलं, लिहायचं.

तुझा दादा तीस वर्षं जिनिंग फॅक्टरीत फिटर होता. त्या आवाजात राहून त्याला हळू बोलताच येत नसे. मीठ मागायचं तरी पांढुर्ण्याच्या अर्ध्या बाजाराला कळायचं. लकव्यानंतर उलटं झालं. बोलणं गेलं, "हं" तेवढं राहिलं, आणि कानाला काही सोसेना. मी चिमटा खाली ठेवला तरी तोंड वाकडं करायचा. मी अनवाणी चालायला लागले. भांडी अंगणात नेऊन घासायला लागले. तो दिवसभर छपराचे कवेलू पाहत पडून राहायचा.

तू दर शनिवारी सौसरच्या बसने यायचीस. एका शनिवारी बराच वेळ त्याच्याशेजारी उताणी पडून तू पण छप्पर पाहिलंस. मग स्वयंपाकघरात आलीस.

"वहिनी, दादाले टीव्ही पाहिजे."

"टीव्ही कोकलते. शेजारचा ऐकून राहिली ना मी रोज."

"मुका टीव्ही बनवते मी."

"बनवते म्हणजे? भाकर हाय का ते?"

"भाकरीपेक्षा सोपं हाय. भाकर मले कुठं जमते?"

ते मात्र खरं होतं. तुझी भाकर कधी गोल झाली नाही.

शेजाऱ्यांकडे आपण त्याला एकदा खुर्चीत बसवून नेलं होतं. त्यांनी बिचाऱ्यांनी आवाज अगदी बारीक केला. पण इथे वीज कमीजास्त होते, म्हणून टीव्हीजवळ स्टॅबिलायझरचा लोखंडी डबा असतो, तो टकटक करतो आणि गुणगुणतो. दादा त्या डब्याकडे पाहून कण्हायला लागला. दुसऱ्या दिवशी शेजारीण येऊन म्हणाली, "काकू, काकाले नका आणू. पोरं घाबरतात." मला राग आला नाही. मी पण नसतं येऊ दिलं.

तुझ्या नवऱ्याचं सौसरला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तो असताना तू संध्याकाळी तिथे बसून शिकलीस, तो गेल्यावर दुकान घरात आणलंस. सकाळी शाळा, संध्याकाळी लोकांचे रेडिओ. बाईमाणूस रेडिओ उघडते म्हणून आधी हसले, नंतर मोहगावहूनही यायला लागले. टीव्ही मात्र तू कधी केला नव्हतास. पुस्तकं मागवलीस, नागपूरला चकरा मारल्यास. दर महिन्याला थोडंथोडं सामान यायचं. बारीक बारीक, पाय फुटलेले दाणे. तू ते स्टीलच्या ताटात रंगाप्रमाणे वेगळे करून ठेवायचीस आणि मला बजावायचीस, "हे ताट धुवायचं नाही." मी एकदा धुतलं. तू जेवली नाहीस त्या दिवशी.

काचेची पिक्चर ट्यूब आणायला आपण दोघी गेलो होतो. येताना पॅसेंजरमध्ये ती रजईत गुंडाळून तू मांडीवर घेतलीस, पांढुर्णा येईपर्यंत हलली नाहीस. समोरच्या म्हातारीने विचारलं, "मूर्ती हाय का माय?"

तू म्हणालीस, "हो आजी. अजून जीव घालाचा हाय."

म्हातारीने दुरूनच रजईला हात जोडले. मी खिडकीबाहेर पाहिलं, नाहीतर हसले असते.

टीव्ही झाला. एरियलसाठी दोन पाईप जोडून छपराच्या वर चढवले. नागपूरहून चित्र आलं, आधी मुंग्या, मग माणूस. बातम्या देणारी बाई ओठ हलवत होती आणि आवाज नव्हता, कारण स्पीकरची तार तू लावलीच नव्हतीस. दादा तिच्याकडे पाहत राहिला. मग अर्ध्या तोंडाने हसला. लकव्यानंतर पहिल्यांदा. तू मागे वळून काहीतरी शोधायला लागलीस. शोधण्यासारखं तिथे काही नव्हतं.

पण एक राहिलंच. ट्रान्सफॉर्मर. विजेचा जोर कमी करून टीव्हीला देणारा तो लोखंडी ठोकळा गुणगुणायचा. तुला मला ऐकू येईल न येईल एवढा आवाज, डास अडकल्यासारखा. दादाला तो सहन होईना. चित्राकडे पाहायचा आणि थोड्या वेळाने तोंड भिंतीकडे करायचा. तू स्क्रू आवळलेस, खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातलेस, वार्निश पाजलंस, मेण ओतलंस. शेवटी तो टीव्हीतून काढून वेगळ्या पेटीत ठेवलास. पेटी संत्र्याची. आपल्याकडे त्या पेट्यांना काय तोटा? पातळ फळ्या, मध्ये बोटभर फटी.

"फटी असू द्याच्या वहिनी," तू म्हणालीस. "संत्री सडू नये म्हणून फट ठेवतात ना, तसंच हाय हे. याले हवा पाहिजे. पुढच्या वेळी जाड तार आणते, मंग भिंतीच्या पलीकडेच ठेवू."

हे तू मला सांगितलं होतंस. मी ऐकलं होतं. म्हणून म्हणते, "वहिनीले काय समजते" हे खोटं होतं. मला समजलं होतं.

तू सौसरला गेलीस. पुढचे चार दिवस त्याने भिंतच पाहिली. टीव्ही चालू, चित्र चालू आणि हा माणूस भिंतीकडे. शुक्रवारी मी माळ्यावरची जुनी गादी उसवून तिच्यातला कापूस काढला. आपल्या घरात रुईने सगळं होतं, जखम बांधायची तरी रुई, कानात घालायची तरी रुई. मी एकेका फटीतून ती आत सारली, उलथन्याच्या दांड्याने ठासली, तक्क्यात भरतात तशी. वरून जुन्या लुगड्याची खोळ शिवून घातली, म्हणजे दिसायलाही बरं. आवाज बंद झाला. दादा हे सगळं पाहत होता. मी खोळ बसवली तेव्हा त्याने मान चित्राकडे वळवली.

त्या शनिवारी तुला जमलं नाही, रविवारी आलीस. खोळ तुला शोभेची वाटली, तू पेटीजवळ कान नेलास आणि तुझा चेहरा असा झाला की पाहण्यासारखा.

"बंद झाला की वो! मी म्हटलं नव्हतं, स्क्रू बसायले वेळ लागते?"

तेव्हा सांगायचं होतं. तू इतकी खुश होतीस की मी म्हटलं, "आधी जेवून घे." शुक्रवारी, शनिवारी टीव्ही तासभर चालला होता. रविवारी सकाळपासून चालू होता. वैशाखाचं ऊन होतं. मी तुला वांग्याची भाजी वाढली आणि समोर बसले.

पुढचं वर लिहिलं आहे.

हात बरे व्हायला पावसाळा संपला. बरे झाले म्हणजे कातडी आली. बोटं पुरती मिटेनात. खडू धरता यायचा, रेडिओतली बारीक तार धरता यायची नाही. तसेही रेडिओ कमी झाले होते. सौसरला बोलणं पसरलं होतं, मास्तरीणबाईनं सख्ख्या भावालेच पेटवलं असतं. मी भेटेल त्याला सांगायचे की रुई मी भरली. लोक म्हणायचे, "काकू, नणंदेले झाकून राहिल्या तुम्ही. अशी भावजय मिळत नाही." तुझं नाव खराब झालं आणि माझं चांगलं झालं. याच्यापेक्षा मला कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आपण भांडायचो. दर शनिवारी. तू म्हणायचीस डाग कच्चा, मी म्हणायचे रुई. लोक चूक ढकलण्यासाठी भांडतात, आपण ओढण्यासाठी भांडलो. दिवाळीच्या सुट्टीत तू म्हणालीस, "चला, एकदाचं मिटवून टाकू." नवा ट्रान्सफॉर्मर आणला होतास. अंगणात घमेलं ठेवलं, त्यात रुई, रुईच्या पोटात ट्रान्सफॉर्मर. खिडकीतून वायर बाहेर काढलीस. शेजारी पाण्याची बादली. आपण दोघी पाटावर बसून शेंगा फोडत राहिलो, सकाळपासून दुपार होईपर्यंत.

"ह्या दोन तारा कशाले लोंबून राहिल्या?" मी विचारलं.

"त्या बाहेरच्या हायेत. त्याहीचं काही नाही."

दुपारी तू म्हणालीस, "घाला हात."

मी रुईत हात घातला. कोमट. दुधाला विरजण लावावं एवढं. रुई पांढरी स्वच्छ.

"आता बोला. रुईनं पेटला?"

"तेव्हा उन्हाळा होता."

"तुम्ही लय हट्टी हा, वहिनी."

"अन् तू खोटी."

तू हसलीस. शेंगा तोंडात टाकत म्हणालीस, "लिहून घ्या चौथीच्या वहीत. डाग कच्चा होता." मला पटलं नाही, पण हाताने पाहिलं होतं. त्यानंतर मी वाद सोडला. लोकांना सांगणंही थांबवलं. खरं सांगते, मला तेव्हा हलकं वाटलं.

त्या थंडीत आपण दुसऱ्यांदा टीव्ही उभा केला. जुन्यातली ट्यूब वाचली होती, बाकीचं बरंच नवं. तुझी बोटं मिटत नव्हती, म्हणून डाग द्यायची गरम सळई माझ्या हातात दिलीस, आणि तारा जोडायचा रांगा, म्हणजे कथील.

"रांगा कमी लावा. दाण्याएवढा."

"ज्वारीच्या की तुरीच्या?"

"ज्वारीच्या. हं. फुंकू नका, फुंकू नका! चूल हाय का ती?"

चष्मा कपाळावरून खाली ओढून तू एकेक डाग पाहायचीस आणि म्हणायचीस, "कच्चा. पुन्हा." मी म्हटलं, शाळेतही पोरींशी अशीच बोलत असशील तर पोरी पळून जातील. तू म्हणालीस, "पोरी एकदा सांगितलं का ऐकतात." तीन महिने असंच चाललं. मला टीव्ही कसा चालतो ते अजूनही कळत नाही, पण त्यातला अर्धाअधिक रांगा माझा आहे. ट्रान्सफॉर्मर भिंतीला भोक पाडून बाहेर ओसरीत ठेवला, जाड तारेने जोडून. आत काहीच ऐकू येत नाही. हे मी दुसऱ्या कोणाकडून शिकले नसते आणि दुसऱ्या कोणी मला शिकवलं नसतं. तेवढं मी मानते. तू जिवंत असताना मानलं नाही, कारण तू फार तोऱ्यात आली असतीस.

तेरवीला शंकर आला होता. तुझ्याकडे काम शिकलेला, आता सौसरला त्याचं स्वतःचं दुकान आहे. ओसरीत ट्रान्सफॉर्मरजवळ उकिडवा बसून तो पाहत होता. मी सहज त्याला घमेल्याची गोष्ट सांगितली. शेंगा फोडल्या ते सांगितलं, रुई पांढरीच राहिली ते सांगितलं.

त्याने विचारलं, "टीव्ही जोडला होता का काकू तेव्हा?"

"टीव्ही कुठं? तो आत पडला होता. दोन तारा नुसत्या लोंबत होत्या."

त्याने ट्रान्सफॉर्मरवर तळवा ठेवून पाहिला. मग म्हणाला, "रिकाम्या गाडीचा बैल थकते काय? टीव्ही जोडल्याबिगर तो तापतच नाही."

"हे विमलले माहीत नव्हतं?"

"त्याहीनंच तर शिकवलं मले."

तो पंगतीला गेला. मी तिथेच बसले. म्हणजे तू माझ्यासमोर, माझ्याच अंगणात खोटा प्रयोग केलास. अर्धा दिवस शेंगा फोडत तोंड सरळ ठेवलंस. मी तारांचं विचारलं तेव्हा डोळा हलू दिला नाहीस. पोरींना प्रयोग करून दाखवणारी बाई तू. असं त्यांच्याशी कधी केलं असतंस का?

आता माझं ऐक. मला वाचवलंस, हे समजतं. लोकांनी मला नवऱ्याला जाळणारी म्हणू नये म्हणून तू तुझं नाव दिलंस, सौसरचं काम दिलंस. मी त्याबद्दल तुझे पाय धरणार नाही, तू लहान आहेस. पण मला एक सांगायचं आहे. तू माझी चूक घेतलीस ती मला न विचारता. तुला वाटलं वहिनीला झेपणार नाही. तू शाळेत जायला लागलीस तेव्हा मी या घरात नवी आलेली होते. तुझ्या पाटीवरची बेरीज मी तपासायची आणि चुकलं की पुसायला लावायची. तू माझ्यापुढे शिकलीस, ठीक आहे. पण मला माझी चूक समजत होती आणि ती उचलायला माझे हात धड होते.

तुझे नव्हते.

मी त्या दिवाळीपर्यंत "रुई मी भरली" म्हणत राहिले, तुझ्याशी भांडताना, लोकांना सांगताना. "तुझे हात मी जाळले" हे मात्र चार वर्षांत मी तुला एकदाही म्हटलं नाही. त्याला धीर लागतो, तो माझ्याजवळ नव्हता. तू ऐकून घेतलं नसतंस, वहिनी गप बसा म्हणाली असतीस. तरी म्हणायला हवं होतं. आता कागदावर म्हणते, शाळेच्या अंकात छापून येऊ दे, सौसरच्या लोकांनी वाचू दे. विमलबाईंचा डाग पक्का होता. त्यांनी फट ठेवायला सांगितली होती. ती मी बुजवली.

तू गेल्याचं दादाला मी त्याच दिवशी सांगितलं. टीव्ही बंद केला, समोर बसले आणि सांगितलं. त्याने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि "हं" म्हटलं. मग त्याने चांगला हात टीव्हीकडे थोडा उचलला. मी टीव्ही पुन्हा लावला. मला रुई भरताना पाहिलेला तोच एक माणूस आहे, आणि त्याला बोलता येत नाही.

त्या रविवारी खोलीत आपण तिघं होतो आणि तिघंही जिवंत बाहेर आलो. डॉक्टरांनी तेव्हाच दादाबद्दल सांगितलं होतं, यांचं वर्षभर समजा. तुझा दादा अजून आहे. मी आहे.